किसनअण्णांची भरड ओवी

किसनअण्णांनी पोथी वाचायला घेतली तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. मी काष्टीत राहायला गेलो तेव्हा त्या मुलीची मुलगी पाटी घेऊन शाळेत जात होती, आणि अण्णांची पोथी अजून निम्मीसुद्धा झालेली नव्हती.

वास्तविक पोथी वाचणं हे आपल्याकडे काही फार वेळखाऊ काम नाही. सात दिवसांत पारायण उरकतं. सप्ताहाला बसणारे काही वाचक तर इतके तयारीचे असतात, की शेवटच्या दिवशी पंगतीची वेळ गाठायची म्हणून अध्यायच्या अध्याय एका दमात मागे टाकतात. अण्णांची तऱ्हा निराळी होती. रोज सकाळी आंघोळ झाली की ते एक ओवी वाचत. एकच. मग पोथी फडक्यात बांधून फळीवर ठेवायची, आणि ती ओवी दिवसभर मनात घोळवायची; नुसती म्हणायची नाही, तर तसं वागून बघायचं. संध्याकाळी गिरणी बंद केली की अण्णा चिमटीत पीठ घेऊन बघावं तसं दोन बोटं एकमेकांवर घासत आणि दिवसाचा निकाल देत. निकाल बहुधा ठरलेला असे.

"भरड राह्यली," अण्णा म्हणत. "उद्या परत घालू."

आणि दुसऱ्या दिवशी परत तीच ओवी.

अण्णांची पिठाची गिरणी होती, हे एव्हाना ध्यानात आलंच असेल. मी गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन होतो आणि गिरणीच्या मागची खोली आम्ही भाड्यानं घेतली होती. गावाच्या लेखी मी डॉक्टर. मी बैलाला इंजेक्शन देतो म्हणजे डॉक्टरच, यावर अण्णा ठाम होते आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करण्याची फारशी धडपड केली नाही. अण्णा पिठानं कायम पांढरे असत. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानांच्या पाळ्या पांढऱ्या. त्यांचा मूळ रंग कोणता, हे मला थेट कलेक्टरसाहेब गावात आले त्या दिवशी कळलं, कारण त्या दिवशी ते दोनदा आंघोळ करून आले होते.

"ओवी म्हंजी दाना हाय, डॉक्टर," ते मला सांगत. "आख्खा गिळला तर आख्खाच भाईर पडतो. तुमी गुरांचं डॉक्टर, तुमाला म्या काय सांगावं?"

चांगलं जनावर निवांत बसून रवंथ करतं आणि आजारी जनावराचा रवंथ बंद पडतो, एवढं मला खात्यानं शिकवलेलं होतं. अण्णांची तब्येत या हिशेबानं ठणठणीत होती.

सोमवारी गिरणी बंद असे. त्या दिवशी अण्णा गिरणीचा वरचा दगड उचलून बाजूला घेत आणि छिन्नी-हातोडी घेऊन दोन्ही दगडांना टाकी लावत. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की पीठ भरड पडतं, म्हणून त्याला बारीक खाचा पाडून परत खरखरीत करायचा. इतर गिरणीवाले हे काम दगडानं अगदी नकार दिल्यावर करतात. अण्णा दर सोमवारी करत. टक् टक् टक् असा आवाज दुपारपर्यंत चालायचा आणि मध्येच थांबायचा. थांबला की समजायचं, अण्णांना ओवी आठवली आहे.

आता ओवीप्रमाणे वागून बघायचं हे ऐकायला फार छान वाटतं. त्याची झळ कशी लागते, ते शेजाऱ्याला विचारावं.

आम्ही नवीन असतानाच अण्णांना वाणीची ओवी आली. माणसानं मोजकं बोलावं, गोड बोलावं आणि खरं बोलावं, असा तिचा मतलब. अण्णांनी विचार केला की मोजकं बोलण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे अजिबात न बोलणं. त्यांनी तोंड मिटलं. दिवाळी तोंडावर आली होती. त्या सकाळी गिरणीत कुणाचं तरी लाल तिखट दळून झालं होतं. एरवी अशा वेळी अण्णा पुढच्या गिऱ्हाइकाला थांबवत, मूठ-दोन मुठी जुनी ज्वारी घालून दगड स्वच्छ करत आणि मगच पुढचं दळण घेत. त्या दिवशी माझी बायको सुमन हरभऱ्याची डाळ घेऊन गेली. अण्णांनी हात हलवले, डोळे मोठे केले, तोंडाकडे बोट दाखवून फूफू केलं. सुमनला वाटलं, अण्णांची दाढ दुखते आहे. तिनं त्यांना लवंग धरायला सांगितली आणि डबा स्वतःच वर ओतला.

भाऊबीजेला माझा मेहुणा आला. त्यानं बेसनाचा पहिला लाडू तोंडात घातला आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सुमनला वाटलं, भाऊ गहिवरला. मग तिचेही डोळे भरले आणि तिनं त्याला आणखी एक लाडू वाढला. बहिणीच्या मायेपुढे माणूस काय बोलणार? त्यानं तोही खाल्ला.

मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते नुकतेच ओवी बारीक झाली म्हणून खुशीत होते. त्यांचा चेहरा पडला. "मंग भरडच राह्यली की," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या डोळ्यात पानी आनून कसलं मोजकं बोलनं?" संध्याकाळी स्वच्छ बेसनाचा डबा आमच्या दारात आला आणि दुसऱ्या दिवसापासून अण्णा परत बोलू लागले. मोजकं, गोड आणि खरं. गोडाबद्दल मतभेद होते, पण खरं मात्र अगदी खरं. पाटलांच्या सुनेनं दळणाला आणलेला गहू किडका आहे, हे त्यांनी भरल्या गिरणीत सांगितलं.

पुढे केव्हातरी निंदा-स्तुतीची ओवी आली. दोन्ही सारखीच मानायची. स्तुतीचं अण्णांना अवघड नव्हतं, कारण त्यांची कुणी करत नसे. पंचाईत निंदेची होती. गिरणीवाल्याला तोंडावर वाईट बोलून आपलं दळण रांगेत मागे कोण टाकून घेणार? अण्णा एक दिवस माझ्याकडे आले.

"डॉक्टर, रोज सकाळी मला चार शिव्या देत जावा."

मी प्रयत्न केला. समोर उभे राहून, घसा साफ करून म्हणालो, "अण्णा, तुम्ही... तुम्ही फार हट्टी आहात." अण्णांनी वाट पाहिली. मग त्यांना समजलं की माझं संपलं. त्यांनी माझ्या खांद्यावर पिठाचा हात ठेवला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. शिकल्याली मानसं तुमी."

मग त्यांनी ठकूआजीला गाठलं. ठकूआजी गल्लीच्या टोकाला एकटी राहायची आणि तिच्या जिभेला सगळं गाव वचकून असे. बाजाराच्या दिवशी तिची कोंबडी कुणी घासाघीस करून मागू लागला, की आजूबाजूचे लोक आपलं सामान उचलून चार पावलं लांब सरकत. अण्णांनी तिला विनंती केली तेव्हा ती म्हणाली, "येवढंच व्हय? आरं मुडद्या, आधी न्हाई का सांगायचंस?" आणि ते मुडद्यापासूनच सुरू झालं.

रोज सकाळी ती गिरणीपुढे थांबायची. अण्णा हात जोडून उभे. तिनं त्यांचं नाक घेतलं, चाल घेतली, वाडवडील घेतले, जन्माला आले ती घटका घेतली. अण्णांच्या चेहऱ्यावर मंद हसू. आम्ही चहाचे कप हातात घेऊन हे बघत असू. सरतेशेवटी आजीजवळचा माल संपत आला आणि जाता जाता ती सहज बोलली, "आन् तुजं पीठ तरी काय, भरडच पडतंय की!"

अण्णांचे हात सुटले. "आजे!" ते ओरडले. "मला बोल, माझ्या बापाला बोल. दगडाला बोलायचं काम न्हाई! सोमवारीच टाकी लावलीया!"

अण्णांनी डोळे मिटले, दोन बोटं एकमेकांवर घासली. "भरड राह्यली," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. ती ओवी पार पडेपर्यंत पुढचा पोळा आला.

हे सगळं मी गमतीनं सांगतो आहे, आणि तेव्हाही मी ते गमतीनंच घेत होतो. पण त्या पोळ्यानंतर एक गोष्ट हळूहळू माझ्या ध्यानात आली. अण्णांची ओवी बदलायचीच थांबली. सकाळी इंजिन सुरू व्हायच्या आधी त्यांचा आवाज आमच्या खोलीत यायचा आणि रोज तीच ओवी. दिवाळी गेली, संक्रांत गेली, अक्षय्य तृतीया गेली. मला ती पाठ झाली. सुमन चहात साखर ढवळताना तीच गुणगुणू लागली. अर्थ म्हणाल तर एकदम सोपा. खरा भक्त तो, ज्याच्या मनात कुणाविषयीही वैर उरलेलं नाही.

अण्णांचं कुणाशी वैर असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. मी त्यांच्या बायकोला, अनुसयावहिनींना विचारलं. वहिनी अंगण झाडत होत्या. त्यांनी हातातला झाडू तसाच उचलून समोरच्या घराकडे दाखवला आणि परत झाडायला लागल्या.

समोरच्या घरात बबन राहायचा. अण्णांचा पाठचा भाऊ. तोच चेहरा, तीच मान वाकडी करून बघायची सवय, फक्त वर पीठ नाही. गल्ली इतकी अरुंद की इकडच्या ओट्यावरून फेकलेली सुपारी तिकडच्या ओट्यावर झेलता यावी. दोघं एकमेकांशी बोलत नसत. बबनच्या घरचं दळण डोक्यावरून पार स्टेशनजवळच्या गिरणीत जायचं.

कारण काय, तर जातं. आई वारल्यावर दोघं वेगळे झाले. जमिनीची वाटणी झाली, घराची झाली, गाई-बैलांची झाली, कुणी ब्र काढला नाही. शेवटी आईचं जातं उरलं आणि ते दोघांनाही हवं होतं. पंचांनी सुचवलं, एकानं जातं घ्या, एकानं आईचा तांब्याचा हंडा घ्या. हंडा कुणालाच नको. बबन म्हणाला, "तुज्या घरात गिरनी हाय, तुला जातं कशाला?" अण्णा म्हणाले, "गिरनीत पीठ पडतंय. आई काय गिरनीवर दळायची व्हय?" पंचांना उन्हं उतरायच्या आत घरी जायचं होतं. ते वैतागून म्हणाले, मग घ्या निम्मं निम्मं. आणि या दोन शहाण्यांनी खरोखरच तसं केलं. खालचा दगड थोरल्यानं उचलला, वरचा धाकट्यानं. त्या दिवसापासून आईचं जातं दोन्ही घरांत होतं आणि दळण एकाही घरात होत नव्हतं.

मग मी नीट बघितलं. अण्णा सकाळी ओट्यावर पोथी घेऊन बसत ते ज्या दगडावर, तो जात्याचाच खालचा दगड होता. म्हणजे वैर सोडण्याची ओवी ते रोज वैरावर बसूनच वाचत होते. तोंड समोरच्या दाराकडे. आणि समोरच्या दारात वरचा दगड भिंतीला टेकवून ठेवलेला, त्याच्या भोकातून दावं ओवून बबननं त्याला शेळी बांधलेली. अण्णांनी ओवीला सुरुवात केली की शेळी ओरडायची. तिची ती वेळच असावी.

वैर कुणाचंच धरायचं नाही म्हटल्यावर त्यात शेळीही आली. अण्णांनी सुरुवात सोप्यापासून केली. शेळीविषयीचा राग त्यांनी पहिल्या उन्हाळ्यातच जिंकला. मग ते पोथी मिटली की मूठभर कोंडा गल्ली ओलांडून तिच्यापुढे टाकू लागले. टाकताना नजर शेळीवर, मालकाकडे नाही. बबन दात घासता घासता हे बघायचा आणि न बघितल्यासारखं करायचा.

"अण्णा," मी एकदा म्हणालो, "ही ओवी तूर्त बाजूला ठेवा. पुढची घ्या. मग सवडीनं परत या."

पिठात वाळू मिसळा म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जनावराचं पोट दुखतंय आन् तुमी खुराला पट्टी बांधताव व्हय, डॉक्टर?" मग आपणहून म्हणाले, "म्या त्याचा राग करत न्हाई. खरं सांगतो. आजारी पडला तवा म्या रातभर जागा हुतो, हितं ओट्यावं बसून. पर समोरनं चालला की हितं," त्यांनी छातीवर बोट ठेवलं, "खडा लागतो. खडा हाय तवर त्याला पीठ म्हनायचं कसं?"

मी हसलो नाही. हसू आलं नाही म्हणून.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आदल्या साली पाऊस नावाला झाला होता, त्या साली नावालाही झाला नाही. नदीत वाळू तेवढी उरली. रेशनच्या दुकानात परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळू लागली, तिला सगळे मिलो म्हणत. बाया-माणसं पहाटे उठून दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. त्या वर्षी काष्टीच्या बाजारात बैल कसे विकले गेले याबद्दल मला लिहवत नाही. मी तिथे नोकरीला होतो आणि मला ते रोज बघावं लागलं, एवढंच सांगतो.

गल्लीतली विहीर आटली आणि पाण्याचा टँकर येऊ लागला. अण्णांच्या गिरणीचं डिझेल इंजिन पाण्यावर थंड राहायचं. त्यासाठी मागे सिमेंटचा हौद होता आणि त्या हौदात रोज पाणी घालावं लागे. टँकर आला त्या पहिल्या दिवशी अण्णांनी आपल्या वाट्याला आलेल्या हंडाभर पाण्याकडे बघितलं, हौदाकडे बघितलं आणि इंजिनाचा पट्टा उतरवून खुंटीला टांगला. "मानसाच्या तोंडचं पानी लोखंडाला पाजायचं न्हाई," म्हणाले. स्टेशनजवळची गिरणीही तेल मिळेना म्हणून त्याच आठवड्यात बंद पडली.

झालं. लोकांच्या हातात धान्य आणि ते दळायचं कुठं? घराघरांतली जाती गिरणी आल्यापासून गेली होती. कुणाच्या जात्याची पायरी झाली होती, कुणाचं कुंपणात गेलं होतं. बाया मिलो भिजत घालून घुगऱ्या करू लागल्या. लहान पोरांची पोटं बिघडली.

अशात एका सकाळी ठकूआजी आली. पदरात मिलो. अण्णा नेहमीप्रमाणे पोथी घेऊन बसलेले, तीच ओवी चाललेली. आजी त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. या वेळी कुणी तिला बोलावलं नव्हतं.

"किसन्या," ती म्हणाली, "मला दात न्हाईत. ह्ये आख्खं मला चावत न्हाई. आन् तू हितं काय करतुयास? निम्मं जातं बुडाखाली, निम्मं भावाच्या दारात, आन् मधी बसून पोथी वाचतुयास! आरं, येवढ्यात ह्यो दगूड बी झिजला आसता. तुजी आई आस्ती तर तिनं तुला ह्याच दगडानं हानला आसता."

शिवी एकही नव्हती. आजवर तिच्या तोंडून अण्णांनी ऐकलेलं हे सगळ्यात सौम्य बोलणं असेल. अण्णांनी हात जोडले नाहीत की हसले नाहीत. त्यांनी पोथी मिटली. त्या दिवशी शेळीला कोंडा टाकायचं ते विसरले आणि शेळी उन्हं वर येईपर्यंत ओरडत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओवी ऐकू आली नाही. सुमननं मला हलवलं. "अहो, अण्णांची ओवी नाही झाली. बरं आहे ना त्यांना?" आम्ही दोघं दार उघडून बाहेर आलो. अण्णांनी खालचा दगड पोटाशी धरून उचलला होता आणि गल्ली ओलांडत होते. गल्ली केवढी, ते मी सांगितलंच आहे. पण ते मध्ये दोनदा थांबले. मी हात लावायला पुढे झालो तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

समोरच्या ओट्यावर बबन मिश्री लावत बसला होता. बोट तोंडात तसंच राहिलं. अण्णांनी दगड त्याच्या पायांपाशी ठेवला आणि कंबर धरून उभे राहिले.

"मागाया आलो न्हाई," ते धापा टाकत म्हणाले. "द्याया आलोय. तुज्याकडं पुरं हुंदे. आजीचं दळान झालं पायजे."

गल्लीतली दारं एकेक करून उघडली होती. अनुसयावहिनी पदर तोंडाला लावून उभ्या. मी अण्णांकडे बघत होतो आणि मला त्यांच्या छातीतला खडा दिसत होता, इतके ते ताठ उभे होते. बबननं बोट तोंडातून काढलं. थोरल्या भावाकडे बघितलं, खालच्या दगडाकडे बघितलं, भिंतीला टेकवलेल्या वरच्या दगडाकडे बघितलं. इतक्या वर्षांनी पहिला शब्द बोलायचा म्हटल्यावर माणसाला काहीतरी सुचावं लागतं.

"मंग शेळी कुटं बांधू?" तो म्हणाला.

अण्णांनी जरा विचार केला. "माज्या इंजनाला बांध," ते म्हणाले. "रिकामंच हाय त्ये."

दोघांपैकी कुणी गळ्यात पडलं नाही. बबननं चूळ भरली, शेळी सोडली आणि गल्ली ओलांडून गिरणीत नेऊन इंजिनाला बांधली. तो परत आला तेव्हा अण्णा वरच्या दगडाच्या भोकातून काड्या, लेंड्या आणि इतक्या वर्षांची धूळ काढत बसले होते. सुमन रडत होती. मलाही काहीतरी होत होतं, पण आम्ही खात्याची माणसं, म्हणून मी बाभळीचा खुंटा तासून आणायला गेलो.

जातं बबनच्या पडवीत मांडलं. बाया-पुरुष सगळेच खडी फोडायला जात, पण अण्णा-बबननं ठरवलं की दळण गिरणीवाल्याच्या घराण्याचं काम, दिवसभर खडी फोडून आलेल्या बाईनं रात्री दळायचं नाही. मग पहाटे कामावर जायच्या आधी हे दोघं बाप्ये समोरासमोर मांडी घालून बसत, एकाच खुंट्याला दोघांचे हात, आणि गल्लीचं दळण दळत. गावानं पहिले काही दिवस हसून घेतलं. नंतर हसणाऱ्यांचीच दळणं रांगेत येऊ लागली. पहिलं दळण अर्थात ठकूआजीचं. तिनं पीठ हातात घेतलं आणि काही बोलली नाही, यावरून काय ते समजावं.

दळताना बबन आई म्हणायची त्या ओव्या म्हणे. त्याला त्या बऱ्याच आठवत. अण्णांना पोथीतल्या पाठ आणि बबनला जात्यावरच्या. त्यात आई दोन्ही मुलांची नावं गुंफायची. तिथं आलं की रोज भांडण. आई आधी कुणाचं नाव घ्यायची? अण्णा म्हणत, थोरल्याचं. बबन म्हणे, धाकट्याचं, मला चांगलं याद हाय. आवाज आमच्या खोलीपर्यंत येत. पण भांडताना खुंट्यावरचा हात कुणी सोडत नसे आणि जातं फिरत राही.

पोथी मात्र फळीवर होती. ओवी पुढे गेली की नाही, ते मला कळेना आणि विचारायचा धीर होईना.

एक दिवस सुमननं मला पिठाची तक्रार घेऊन पाठवलं. पीठ इतकं जाड की भाकरी थापताना तिच्या कडा फुटतात आणि तव्यावर टाकेपर्यंत तिचे तुकडे होतात. मी नव्या दळणाचा डबा घेऊन गेलो. उजाडलं नव्हतं. बबन शेळीला पाला टाकायला गिरणीत गेला होता आणि अण्णा एकटेच जात्यापाशी बसले होते.

"अण्णा, पीठ फार भरड येतंय हो," मी म्हणालो. "दगड इतकी वर्षं तसेच पडून होते. एकदा टाकी लावा की. तुम्हाला काय मोठं अवघड आहे?"

अण्णांनी चटकन गिरणीकडे बघितलं आणि मला हातानं खाली बसवलं.

"हळू बोला, डॉक्टर," ते म्हणाले. "बबन्यानं बी दोनदा इचारलं. म्या सांगितलंय त्याला, छिन्नी हरवलीया."

छिन्नी हरवलेली नव्हती. आदल्याच दिवशी मी ती त्यांच्या फळीवर, पोथीच्या मागे बघितली होती. खरं बोलण्याची ओवी अण्णांनी माझ्या देखत पार केली होती आणि तिच्यापायी माझ्या मेहुण्यानं तिखटाचे लाडू खाल्ले होते.

"अण्णा!"

"आवो, टाकी लावली तर बारीक पडंल," ते म्हणाले. "बारीक पडलं तर एका फेरात भागंल. आता भरड पडतंय म्हनून परत घालावं लागतंय. दोनदा दळून दिस उगावतो." त्यांनी जात्याच्या कडेचं पीठ बोटांनी उगाचच सारखं केलं. "लवकर उरकलं तर त्यो उठून जाईल की आपल्या कामाला."

मी डबा खाली ठेवला.

"आणि पोथीतली ओवी?" मी विचारलं. "ती तरी बारीक झाली ना?"

अण्णांनी नेहमीसारखी दोन बोटं एकमेकांवर घासली. "न्हाई," ते म्हणाले. "भरडच हाय. उद्या परत घालू." आणि मिशीतल्या मिशीत हसले. इतक्या वर्षांत भरड राहिल्याचा त्यांना आनंद झालेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

बबन गिरणीतून परत आला. "काय म्हनत्यात डॉक्टर?" त्यानं बसता बसता विचारलं.

अण्णा माझ्याकडे बघू लागले. दोघांनी खुंट्यावर हात ठेवले होते. मी डब्यातली मिलो सुपात ओतली.

"काही नाही," मी म्हणालो. "दळण आणलं होतं. सावकाश होऊ द्या, आम्हाला काही घाई नाही."